बेळगावहून लंडनमार्गे अमेरिका: व्हर्जिन अटलांटिकची बदलती विमानं आणि नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लेक बॉस्टनला राहायला गेली तेव्हापासून गल्लीतले, नात्यातले आणि आता खानापूर-निपाणीकडचेही लोक मला फोन करतात. मी तिकीट एजंट नाही. उद्यमबागेत तीस वर्षं मशीन शॉपमध्ये मोजमापं तपासत काढली आणि विमानांचं वेड त्याआधीपासूनचं. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवावं म्हणून हे पान. वेळापत्रक बदलत असतं, तेव्हा तारखा आणि दर व्हर्जिन अटलांटिक या ब्रिटिश विमान कंपनीच्या साइटवरच बघा. इथे आहे ते त्यामागचं कारण.

काका, सांबऱ्याहून थेट अमेरिका कधी?

आपल्या हयातीत आशा धरू नका. सांबऱ्याची, म्हणजे आपल्या बेळगाव विमानतळाची, धावपट्टी १९४२ साली इंग्रजांच्या हवाई दलानं प्रशिक्षणासाठी बांधलेली. ती पुढे वाढवून सुमारे २३०० मीटर झाली, २०१७ मध्ये नवं टर्मिनलही आलं. एटीआर, एम्ब्राएर, एअरबस ए३२० एवढ्यांना ती पुरते. पण पोटात इंधन भरून दहा तास उडायला निघालेल्या मोठ्या विमानाला ती तोकडी पडते, आणि पुरली असती तरी रोज अडीचशे माणसं आणायची कुठून? आपल्यासाठी सांबरा हे पहिलं पाऊल आहे, तेवढंच समजून चालावं.

मग अटलांटिक नेमका कुठे ओलांडतो?

लंडननंतर. बेंगळुरू ते लंडन हे साधारण आठ हजार किलोमीटर, दहा-अकरा तासांचं उड्डाण, आणि त्यात समुद्र फारसा नाहीच. पुढे लंडन ते न्यूयॉर्क साडेपाच हजार किलोमीटर. खरा अटलांटिक तो. एकाच कंपनीच्या तिकिटावर हे दोन वेगळे प्रवास असतात आणि दोन्हीला विमान एकाच जातीचं असेल असं नाही. लोकांचा पहिला गोंधळ इथेच होतो.

पण व्हर्जिनच का? बाकीच्या कंपन्या नाहीत का?

आहेत की. बेंगळुरूहून ब्रिटिश एअरवेज, लुफ्तान्सा, एअर फ्रान्स, केएलएम सगळ्या जातात. व्हर्जिनबद्दल लिहितोय कारण ३१ मार्च २०२४ पासून त्यांनी बेंगळुरू-लंडन सुरू केलं आणि तेव्हापासून आपल्याकडचे फोन वाढले. दुसरं कारण असं की ही कंपनी १९८४ मध्ये एका भाड्याच्या जंबोवर (बोइंग ७४७) सुरू झाली, पहिलं उड्डाण लंडनच्या गॅटविकहून न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्कला, आणि आजही तिचा जीव अटलांटिकवरच आहे. तिच्यात ४९ टक्के भाग अमेरिकेच्या डेल्टा एअरलाइन्सचा आहे. त्यामुळे विमानांचा ताफा बदलला की मार्ग कसे हलतात, ते या एका कंपनीत जसं स्वच्छ दिसतं तसं मोठ्या कंपन्यांत दिसत नाही.

तिकीट काढताना ७८७ लिहिलं होतं, आता मेल आला की विमान बदललं. ही फसवणूक नाही का?

नाही. सगळ्यात जास्त फोन याचेच येतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुम्ही विकत घेतलेली असते ती जागा आणि वर्ग: इकॉनॉमी, प्रीमियम की अप्पर क्लास (त्यांचा बिझनेस क्लास). विमानाचा नंबर हा कंपनीचा त्या दिवसापुरता अंदाज. व्हर्जिनकडे बोइंगची ७८७-९ ड्रीमलाइनर सतरा, एअरबसची ए३५०-१००० बारा, जुनी ए३३०-३०० आहेत ती हळूहळू चाललीत आणि त्यांच्या जागी ए३३०-९००, म्हणजे निओ, येताहेत. पहिलं निओ २०२२ च्या ऑक्टोबरात कामाला लागलं. २०२४ मध्ये आणखी सात मागवल्यावर निओंचा आकडा १९ वर गेला. म्हणजे सगळी मिळूनही ताफा पन्नासच्या आत-बाहेरच. एक विमान दुरुस्तीला बसलं की दुसरीकडचं ओढून आणावं लागतं. आपल्या डेपोतून लाल गाडी आली नाही की हुबळीची गाडी निपाणीला लावतात, त्यातलाच प्रकार.

बदल झाला की तुमचं तिकीट टिकतं, सांगितलेलं शाकाहारी जेवणही बहुधा टिकतं, पण निवडलेली सीट हमखास हलते. ७८७-९ मध्ये २५८ जागा. ए३५० मध्ये ३३५, आणि त्याच ए३५० ची दुसरी मांडणी आहे ती ३९७ जागांची, सुट्टीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी केलेली. तीच जात, तोच नंबर, आतली खोली मात्र वेगळी. म्हणून मेल आला की रागावत बसू नका, आधी सीटचा नकाशा उघडा आणि आपली जागा परत धरा. दोन दिवसांनी बघू म्हणालात तर नवरा पुढे आणि बायको शौचालयाजवळ, असं व्हायचं.

चार इंजिनांचं ते जंबो कुठे गेलं? आम्ही तर त्याचीच वाट बघत होतो.

गेलं ते. मे २०२० मध्ये, करोनात, व्हर्जिननं ७४७ बंद केल्याचं सांगितलं, तीन हजारांवर नोकऱ्या गेल्या आणि गॅटविकचा तळही उठवला. त्याच वर्षी चार इंजिनांची ए३४०-६०० सुद्धा ताफ्यातून गेली. याच कंपनीनं एके काळी ‘लांबच्या प्रवासाला चार इंजिनं’ अशा अर्थाची ओळ विमानाच्या अंगावर रंगवली होती. आज तिच्या ताफ्यात चार इंजिनांचं एकही विमान नाही.

करोना हे निमित्त. खरं कारण इंधन. दोन मोठी इंजिनं चार छोट्यांपेक्षा कमी पितात, आणि तपासणीला चारऐवजी दोनच उतरवावी लागतात. आमच्या शॉपमध्ये चार लहान मशीनं काढून संगणकावर चालणारं एक सीएनसी बसवलं तेव्हा असाच हिशेब झाला होता, फक्त तिथे कोणी अश्रू ढाळले नाहीत.

दोन इंजिनांवर समुद्र ओलांडायचा? एक बंद पडलं तर?

एकावर चालतं. पूर्वी नियमच असा होता की दोन इंजिनांच्या विमानानं विमानतळापासून तासाभराहून लांब जायचं नाही. म्हणून अटलांटिकवर तीन-चार इंजिनांचं राज्य होतं. १९८५ च्या फेब्रुवारीत टीडब्ल्यूए कंपनीच्या बोइंग ७६७ नं दोन तासांच्या मुभेवर बॉस्टन ते पॅरिस उड्डाण केलं आणि दार उघडलं. पुढे मुभा तीन तासांची झाली. आता ७८७ ला साडेपाच तासांपर्यंत आणि ए३५० ला त्याहून थोडी जास्त मुभा मिळू शकते.

याचा अर्थ विमान साडेपाच तास लंगडत जातं असा नाही. उत्तर अटलांटिकच्या कडेनं आयर्लंडचं शॅनन, आइसलंडचं केफ्लाविक, कॅनडातलं गॅंडर आणि गूज बे, खाली अझोर्स बेटांवरचं लाजेस असे थांबे आहेत. मार्ग आखतानाच ते धरलेले असतात. वडगावहून कोल्हापूरला निघालेला माणूस संकेश्वर, निपाणी, कागल डोक्यात ठेवतोच की.

व्हर्जिनकडे ए३८० आहे का?

नाही. २००१ मध्ये सहा मागवली होती, एकही घेतलं नाही, २०१८ मध्ये ऑर्डर रद्द केली.

ड्रीमलाइनरच्या इंजिनांचा काय घोळ होता?

व्हर्जिनच्या ७८७ ला रोल्स-रॉइसचं ट्रेंट १००० इंजिन आहे. त्याच्या आतल्या टर्बाइनच्या पात्या अपेक्षेपेक्षा लवकर झिजू लागल्या. हवेतल्या गंधकानं धातूला गंज चढतो, तसला प्रकार. काँप्रेसरच्या पात्यांना चिरा जाण्याचंही निघालं. मग इंजिनं वारंवार उतरवावी लागली, सुट्या इंजिनांची टंचाई झाली, आणि धडधाकट विमानं इंजिनाविना जमिनीवर उभी राहिली. बुडालेल्या एअर बर्लिन कंपनीची जुनी ए३३०-२०० व्हर्जिननं २०१८ मध्ये आणून वेळ मारून नेली. इंजिनातली सुधारणा टप्प्याटप्प्यानं होत गेली, पण कंपनीनं नवी ऑर्डर एअरबसला दिली यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

पाती हा भाग दिसतो हाताएवढा. पण ती ज्या तापमानात फिरते, त्यात तिचा स्वतःचा धातू वितळायला हवा. आतून बारीक भोकांमधून हवा खेळवून तिला जगवतात. आपल्या हत्तरगीला एक्वसच्या वसाहतीत एअरबस आणि बोइंगसाठी विमानाचे सुटे भाग होतात. तिथे काम करणाऱ्या हुक्केरीकडच्या एखाद्या पोराला विचारा, एका मायक्रॉनसाठी माल कसा परत येतो ते. हायवेवरून जाताना तो फलक दिसला की मला वाटतं, अटलांटिक आपल्यापासून तेवढाही लांब नाही.

आई-बाबा सत्तरीचे आहेत. कुठलं विमान बरं?

निवड हातात असेल तर दोघांच्या जोडीसाठी ए३३० निओ. त्याच्या इकॉनॉमीत रांग दोन-चार-दोन अशी आहे. खिडकीकडची दोघांची सीट घेतली की तिसऱ्याला उठवायला नको. ७८७ आणि ए३५० मध्ये तीन-तीन-तीन. तिथे तिसरा माणूस झोपला की बाबांचा मधुमेह अडचणीत.

दुसऱ्या बाजूनं, ७८७ आणि ए३५० मध्ये आतली हवा सुमारे सहा हजार फुटांवर असल्यासारखी ठेवतात. जुन्या विमानांत ती आठ हजारांपर्यंत जायची. बेळगाव अडीच हजार फुटांवर, महाबळेश्वर साडेचार हजारांवर. म्हणजे महाबळेश्वराच्या थोडं वर बसून दहा तास काढायचे. कोरडेपणाही जरा कमी, पाय आणि डोकं कमी दुखतं. श्वासाचा त्रास असेल तर विमान कुठलंही असो, आधी डॉक्टरांना विचारा.

७८७ च्या खिडकीला पडदा नसतो, बटणानं काच गडद होते. माझी बायको पहिल्या वेळी पडदा शोधत अर्धा तास भिंत चाचपत होती.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. लाज वाटून घेऊ नका. चालता येत असलं तरी लंडनच्या हीथ्रो विमानतळाची अंतरं आपल्या खडेबाजाराच्या मापाची नाहीत.

कुठल्या शहरांना जातं? ऑस्टिनला जायचं होतं, दिसत नाही.

लंडन हीथ्रोहून न्यूयॉर्क, बॉस्टन, वॉशिंग्टन, अटलांटा, मायामी, ऑर्लँडो, टँपा, लास व्हेगास, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, सिएटल. कॅनडात टोरंटो, ते मार्च २०२५ पासून. त्याआधी दहा वर्षांहून जास्त काळ व्हर्जिन कॅनडाला जातच नव्हतं.

ऑस्टिन २०२२ मध्ये सुरू झालं आणि जानेवारी २०२४ मध्ये बंद पडलं. टेक कंपन्यांच्या माणसांचा कामाचा प्रवास घटला. त्याच वर्षी ऑक्टोबरात शांघायही गेलं, कारण रशियावरून उडता येत नसल्यानं ते अंतर वाढून परवडेना. इकडे बेंगळुरू आलं, मुंबईची फेरी वाढली, पुढे रियाध आलं. ऑस्टिनचंच विमान बेंगळुरूला लावलं असं मी म्हणत नाही. पण ताफा मोजका असला की एका ताटातला घास दुसऱ्या ताटात जातोच. हीथ्रोवर उतरायच्या वेळाही मोजून मिळतात, वर्षाला ४ लाख ८० हजार उड्डाणांची मर्यादा आहे. तोट्यातला मार्ग भावनेपोटी कोण ठेवणार.

ज्यांना डेट्रॉइट, मिनिआपोलिस, सॉल्ट लेक सिटी हवं त्यांनी डेल्टाचं विमान बघावं. तिकीट एकच निघतं आणि हीथ्रोवर दोघांचं टर्मिनलही एकच, तीन नंबरचं. टेक्साससाठी अटलांटाला आणखी एक विमान बदलावं लागेल, मनाची तयारी ठेवा.

बेळगाव-बेंगळुरू वेगळं काढलं तर दीड हजार वाचतात. काढू का?

नका.

यावर मला तावातावानं बोलावंसं वाटतं, कारण मी स्वतः हेच केलंय. जुलै महिना, सांबऱ्यावर ढग टेकलेले, समोरची बाभळ दिसेना. दोन तिकिटं, दोन कंपन्या, दोन पीएनआर. सकाळचं विमान आधी ‘उशीर’, मग ‘आणखी उशीर’, आणि शेवटी रद्द. टॅक्सी करून बेंगळुरूला पळालो. पाचशे किलोमीटर. चित्रदुर्गाच्या पुढे असतानाच आमचं लंडनचं विमान उडालं. पुढच्या कंपनीच्या हिशेबी आम्ही आलोच नव्हतो, तिकीट बुडालं. दोष त्यांचा नव्हता, माझ्या दीड हजारांचा होता. त्यानंतर चार महिने घरात कुंद्याचा डबा काढला तरी बायको विमानाचा विषय काढायची.

एकाच पीएनआरवर सगळा प्रवास असेल तर पहिलं विमान चुकलं तरी पुढे पोचवण्याची जबाबदारी कंपनीची. बॅगाही शेवटपर्यंत टॅग होतात. सांबऱ्याच्या काउंटरवर टॅगवरची तीन अक्षरं वाचा. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाला जायचं तर तिथे जेएफके हवं, बीएलआर (म्हणजे बेंगळुरू) नको. इंडिगो आणि व्हर्जिन यांच्यात एकमेकांची तिकिटं विकण्याचा करार आहे, आणि जून २०२५ मध्ये डेल्टा, एअर फ्रान्स-केएलएम धरून चौघांनी तो आणखी वाढवायचं जाहीर केलं. तुमच्या तारखेला बेळगाव एका तिकिटात बसतं का ते बघा. बसत नसेल तर आदल्या दिवशी बेंगळुरू गाठा आणि एक रात्र नातेवाइकाकडे काढा. बेंगळुरूत आपल्यापैकी प्रत्येकाचा एक तरी भाचा असतोच.

बेंगळुरूला इंडिगोचं देशांतर्गत विमान टर्मिनल एकला उतरतं आणि परदेशी विमानं टर्मिनल दोनवरून सुटतात. मधे बस आहे. तीन तासांहून कमी अंतर ठेवू नका.

अमेरिकेत पहिल्या शहरात इमिग्रेशन होतं आणि तिथे बॅगा स्वतः उचलून परत द्याव्या लागतात, शेवटपर्यंत टॅग असल्या तरी.

लंडनला नुसतं विमान बदलायला व्हिसा लागतो?

पासपोर्टवर चालू अमेरिकन किंवा कॅनडाचा व्हिसा असेल आणि तुम्ही विमानतळाच्या आतच राहणार असाल तर वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. बाहेर पडून लेकीच्या मैत्रिणीकडे चहा प्यायचा असेल तर गोष्ट वेगळी. जायच्या आधी ब्रिटन सरकारच्या साइटवर एकदा तपासा, हे नियम फिरतात.

विमान बदललं, उशीर झाला, तर पैसे मिळतात?

नुसतं विमान बदलल्याचे नाही. खालच्या वर्गात बसवलं तर मिळतात: साडेतीन हजार किलोमीटरच्या पुढे त्या टप्प्याच्या भाड्याचे ७५ टक्के. ब्रिटनचा कायदा आहे तो. लंडनहून सुटणारं कुठलंही विमान आणि बेंगळुरूहून लंडनला जाणारं ब्रिटिश कंपनीचं विमान त्यात येतं. चार तासांहून जास्त उशिरा पोचलात आणि चूक कंपनीची असेल तर माणशी ५२० पाउंड. विमानात साधा बिघाड ही सहसा कंपनीचीच बाब धरतात, वादळ नाही. बोर्डिंग पास फेकू नका, अर्ज स्वतः करा. कमिशन घेऊन अर्ज करून देणारे भरपूर भेटतील, गरज नाही.

एअर इंडियाचं थेट विमान सोडून लंडनला कशाला वळसा?

थेट मिळत असेल आणि वेळ जुळत असेल तर जरूर घ्या. पण एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं आणि उत्तरेकडून निघणाऱ्या उड्डाणांची लांबी वाढली. काहींना वाटेत उतरून इंधन घ्यावं लागलं. त्यांची जुनी ७८७-८ विमानंही आतून नवी करायला पाठवायला लागले, आणि सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-वॉशिंग्टन थांबवलं. ब्रिटिश विमानांना ती बंदी नाही. ताफा आणि नकाशा, दोन्हीकडे एकदम अडलं की हे असं होतं.

निपाणी-चिकोडीकडच्यांनी मुंबई धरावी की बेंगळुरू?

मुंबई. रात्रीची स्लीपर आहे, आणि व्हर्जिन मुंबईहूनही जातं. खानापूर, बेळगाव, बैलहोंगलकडच्यांना बेंगळुरू सोयीचं. पावसाळ्यात घाटाचा भरवसा धरू नका, एक दिवस हातात ठेवा.

पासपोर्टवर जन्मगाव ‘बेळगाम’, आधारवर ‘बेळगावी’. अडवतील का?

नाही. तिकिटावर जन्मगाव नसतंच. नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट नंबर अक्षरशः जुळला पाहिजे. व्हिसाच्या अर्जात जन्मगाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. १ नोव्हेंबर २०१४ ला नाव बदललं ते तिथल्या अधिकाऱ्याला ठाऊक नाही आणि त्याला समजावत बसायची ती जागाही नव्हे. आडनावाचा रकाना रिकामा असलेले पासपोर्ट आपल्याकडे बरेच आहेत, ते मात्र वेळेत दुरुस्त करून घ्या.

जाताना आठ तास आणि येताना साडेसहा, असं का दाखवतात?

वारा. अटलांटिकच्या वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वाहता वारा असतो. अमेरिकेहून येताना तो पाठीवर, जाताना तोंडावर. त्याचा अंदाज घेऊन रोज समुद्रावर समांतर वाटा आखतात, स्कॉटलंडच्या प्रेस्टविकचं आणि कॅनडाच्या गॅंडरचं केंद्र त्या सांभाळतं. आज गेलात ती वाट उद्या शंभर किलोमीटर सरकलेली असते. येतानाचं विमान बहुतेक रात्रीचं, म्हणून जेवण देऊन लगेच दिवे घालवतात. तक्रार करू नका, झोपा.

कुंदा नेता येईल का?

कुंदा दुधाचा. ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे पदार्थ नेताच येत नाहीत, पण नुसतं विमान बदलताना बॅग तिथे उघडत नाही, त्यामुळे प्रश्न अमेरिकेत येतो. तिथे दुधाच्या वस्तूंवर निर्बंध आहेत. विचारलं की खरं सांगायचं, लपवलं तर दंड. अधिकारी काढून घेईल तर घेऊ द्या. मी गोकाकचा करदंट, म्हणजे सुक्या मेव्याची मिठाई, नेतो. तोही सांगून, बॅगेत वरच्या बाजूला ठेवून.